रेघ आडवी, दोष उभा

जुन्या टीव्हीत एक बिघाड असा व्हायचा, की त्यावरून मेकॅनिक कच्चा की पक्का ते लगेच कळे. चालू टीव्हीचं चित्र एकाएकी मिटायचं आणि काळ्या पडद्याच्या मधोमध एकच लखलखीत आडवी रेघ उरायची. आवाज ठणठणीत. आडवी रेघ दिसते म्हणजे आडव्या सर्किटातच काहीतरी बिनसलं, असं धरून नवशिका तिकडं मीटर लावायचा आणि दुपार वाया घालवायचा. खरं म्हणजे रेघ आडवी पसरलेली दिसते याचा अर्थ आडवं सर्किट आपलं काम चोख करतंय. किरणाला वरखाली नेणारं उभं सर्किट बसलं, म्हणून अख्खं चित्र चेपून एका रेघेत आलं. मारेगावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे माझे मामा एवढंच म्हणत, ‘रेघ आडवी, दोष उभा.’

शाळेच्या सुट्ट्यांत मी त्या दुकानात बसायचो. स्क्रू सांभाळणं, मागचं झाकण उघडून ब्रशनं धूळ झाडणं, चहा आणणं ही माझी कामं. तिथं जे ऐकलं-पाहिलं त्याचं मोल पुढं शिकताना हळूहळू उमगत गेलं. जे दिसतं ते लक्षण असतं, दोष दुसरीकडे असतो, आणि लक्षणापासून दोषापर्यंत एकेक पायरी तपासत जाता येतं, हे शिक्षण तालुक्याच्या गावात त्या काळी दोनच ठिकाणी मिळत होतं: चांगल्या डॉक्टरच्या दवाखान्यात आणि रेडिओ-टीव्हीच्या दुकानात. दवाखान्यात आत कुणाला बसू देत नाहीत. दुकान मात्र सगळ्यांसाठी उघडं होतं. मारेगाव, वणी, पांढरकवडा, राळेगाव अशा गावांतली ही दुकानं आता मोजकी उरलीत. ती गेली म्हणून काय गेलं, ते नीट मांडावं यासाठी हा लेख.

लहरींच्या टोकाला

वणीहून करंजीकडे निघालं की वाटेत मारेगाव लागतं. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. एका अंगाला वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा, तर दुसरीकडे वणीच्या कोळसा खाणी. आसपासच्या खेड्यांतली आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, माणसं बाजाराला, तहसीलला, दवाखान्याला इथंच येतात. टीव्हीच्या हिशेबानं मात्र हे गाव टोकावर होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा विदर्भाच्या या कोपऱ्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक बसवण्याचा सपाटा लागला. त्या वर्षी काही महिने जवळपास रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. पण त्यांची ताकद शंभर वॅटची आणि पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा. नागपूर सरळ रेषेत मोजलं तरी शंभर किलोमीटरच्या पलीकडे. दोन प्रक्षेपकांच्या मधल्या गावांनी काय करायचं?

त्याचं उत्तर शोधणं हे इथल्या मेकॅनिकचं पहिलं काम झालं. दुरुस्ती नंतरची, आधी अँटेना. घरांवर दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कांड्यांच्या त्या अँटेनाला यागी-उदा म्हणतात. जपानच्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ती जगापुढे मांडली. तिची कांडी लहरीच्या लांबीच्या साधारण अर्धी असावी लागते. खालच्या पट्ट्यातल्या चॅनेलला सव्वादोन मीटरच्या आसपास, वरच्या पट्ट्याला पाऊण मीटर. मागची कांडी थोडी लांब, पुढच्या थोड्या आखूड. ही सगळी मापं मामांच्या दुकानात दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलेली होती. प्रक्षेपक दूर असेल तर पुढं कांड्या वाढवायच्या. कांड्या वाढल्या की अँटेना जास्त लांबचं पकडते, पण तिची नजर अरुंद होते, म्हणून दिशा बोटभरही चुकून चालत नाही. खांबाच्या टोकाला बूस्टर, तिथून चपटी वायर खाली. बूस्टर टीव्हीजवळ नाही, वरच हवा. वायरीतून येताना सिग्नल आधीच कमजोर होतो, मग खाली बसवलेला बूस्टर सिग्नलसोबत खरखरही वाढवतो. हे गणित कळलेला मेकॅनिक आणि न कळलेला मेकॅनिक यांच्या गिऱ्हाइकांच्या पडद्यावर फरक स्वच्छ दिसायचा.

२५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारची सकाळ हा मेकॅनिकच्या आठवड्याचा कळस ठरला. शनिवारी संध्याकाळी दुकानापुढं बंड्या उभ्या राहत. बंडीत कुटार पसरून त्यावर गोधडी, गोधडीवर टीव्ही. ‘उद्या सकाळपावतर होऊन जाईन ना, भाऊ?’ हा प्रश्न सगळ्यांचा. ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’ लागलं आणि पुन्हा तेच. काही पोडांवर आणि शेतातल्या वस्त्यांवर तेव्हा वीज नव्हती. तिथं बारा व्होल्टवर चालणारे लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावत. ती बॅटरी चार्जिंगला दुकानातच यायची. विजेच्या आधी टीव्ही पोचला अशी गावं आपल्याकडे होती, ती या बॅटऱ्यांमुळे.

काचेच्या आत

पिक्चर ट्यूब हे यंत्र आज तरुण मुलांनी उघडं पाहिलेलंही नसतं. काचेचं मोठं नरसाळं, पुढं जाड पडदा, मागं बोटाएवढी बारीक मान. आत हवा नाही. मानेत एक छोटा फिलामेंट तापतो, त्याच्या उष्णतेनं इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांची धार पडद्याकडे ओढली जाते. ओढण्यासाठी लागणारा दाब ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बारा ते सोळा हजार व्होल्ट, रंगीतमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास. धार जिथं आपटते तिथला फॉस्फरचा लेप उजळतो. जर्मनीच्या कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी १८९७ मध्ये अशी पहिली नळी केली. पुढं कित्येक दशकं जगभरचे टीव्ही याच तत्त्वावर चालले.

एका वेळी पडद्यावर उजळतो तो फक्त एक ठिपका. शेतात तिफण चालावी तसा तो डावीकडून उजवीकडे ओळ ओढतो. पण तिफण वळून उलट दिशेनं पेरत येते, हा ठिपका ओळ संपली की विझतो, झेप घेऊन पुन्हा डाव्या काठाला जातो आणि खालची ओळ धरतो. आपल्याकडच्या पद्धतीत अशा ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. त्या वेगाची एक बारीक शीळ टीव्हीतून सतत येत असते. लहान मुलांना ती ऐकू येते, वय वाढलं की येत नाही. मामा मला विचारत, ‘शिट्टी येते का रे?’ मी हो म्हटलं की त्यांना कळायचं, आडवं सर्किट जिवंत आहे. मीटर लावण्याआधी माझे कान लावले जात.

ठिपका झेप घेऊन मागं येतो त्या क्षणी ईएचटी नावाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एक जबर झटका तयार होतो. तोच झटका वाढवून, सरळ करून ट्यूबला हजारो व्होल्ट मिळतात. ओळी ओढण्याचं काम आणि विजेचा दाब तयार करण्याचं काम एकाच ठिकाणी, एकाच फटक्यात. मला आजही ही कल्पना फार सुंदर वाटते. एक ट्रान्झिस्टर हे सगळं पेलायचा. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बीयू २०५ किंवा बीयू २०८, रंगीतमध्ये बीयू ५०८. कुठल्याही मेकॅनिकच्या पुढ्यातल्या डब्यात हे नंबर असणारच.

टीव्ही बंद केला तरी ट्यूबमधला दाब जात नाही. काचेच्या आतून आणि बाहेरून काळा वाहक लेप असतो, मधे काच, म्हणजे ट्यूब स्वतःच मोठा कंडेन्सर. म्हणून झाकण उघडल्यावर पहिलं काम ट्यूबमधला दाब उतरवण्याचं. लांब स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला वायर गुंडाळायची, वायरीचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या लेपावरून जाणाऱ्या अर्थच्या तारेला लावायचं, डावा हात पाठीमागं ठेवायचा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली सरकवायचं. चट् असा आवाज, निळी ठिणगी. मामा हे दोनदा करत, कारण काचेतून थोडा भार परत वर येतो. डावा हात पाठीमागं यासाठी, की झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाऊ नये. हा हात पाठीमागं ठेवायला मामांनी मला जितक्या वेळा बजावलं, तितकं दुसऱ्या कशाविषयी नाही.

निदान

बंद टीव्ही आला की आधी सिरीज बल्ब. लाकडी बोर्डावर शंभर वॅटचा बल्ब, त्याच्या ओळीत टीव्ही. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट. क्षणभर उजळून मंद झाला तर पुरवठा ठीक. अजिबात नाही पेटला तर फ्यूज, स्विच किंवा वायर तुटलेली. थोडक्या सामानात पहिलं निदान आणि टीव्हीचं जास्तीचं नुकसानही टळलं.

मग प्रश्न. मेकॅनिक गिऱ्हाइकाला विचारायचा आणि गिऱ्हाईक आपल्या भाषेत सांगायचं. ‘पिच्चर वरच वर पयते’ म्हणजे व्हर्टिकल होल्ड. ‘चित्र तिरपं फाटते’ म्हणजे हॉरिझॉन्टल. ‘आवाज हाये, उजेडच नाही’ म्हणजे ईएचटीकडे पाहा. ‘मुंग्या दिसतेत’ म्हणजे मागचं सगळं चांगलं, ट्यूनर किंवा अँटेना तपासा. ‘उजेड हाये पण मुंग्याही नाही’ म्हणजे दोष ट्यूनरच्या पुढच्या टप्प्यात. ‘थापड मारली का चालते’ म्हणजे ड्राय सोल्डर. अशा वेळी स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीनं बोर्डावर हळूच टकटक करत जायचं. ज्या टकटकीला चित्र हलतं, तिथलं सोल्डर पुन्हा तापवायचं. शेतकऱ्यानं सांगितलेलं लक्षण आणि सर्किटातला दोष यांच्यात हा सरळ तर्जुमा होता. ऐकून घेणं हे या कामातलं अर्धं कौशल्य. जो मेकॅनिक प्रश्न न विचारता झाकण उघडायचा, त्याचा जास्त वेळ जायचा.

मीटर नसलं तरी इंद्रियं होती. मानेत नारिंगी उजेड दिसला की फिलामेंट ठीक. पडद्याजवळ हाताची मागची बाजू नेली आणि लव उभी राहिली की ईएचटी येतंय. निऑनचा साधा टेस्टर ईएचटीजवळ नुसता धरला तरी, न टेकवता पेटतो. जळक्या रेझिस्टन्सचा वास वेगळा, जळक्या ट्रान्सफॉर्मरचा वेगळा. कंडेन्सरचं डोकं फुगलं की तो गेला, हे डोळ्यांनाच कळतं.

ट्यूब म्हातारी झाली की चित्र मंद, धुरकट व्हायचं. नवी ट्यूब म्हणजे टीव्हीच्या किमतीचा मोठा वाटा. मग मेकॅनिक ट्यूब चार्ज करायचे: फिलामेंटला नेहमीच्या सव्वासहा व्होल्टांऐवजी थोडा वेळ जास्त दाब देऊन कॅथोडवरचा थकलेला थर जागा करायचा. काही जण ईएचटीच्या गाभ्याभोवती वायरीचा एखादा वेढा वाढवून कायमचाच थोडा जास्त दाब देत. ट्यूब काही महिने, कधी दोन-तीन वर्षं ओढायची. गिऱ्हाइकाला हे आधी सांगायचं असा दंडक होता. ‘चालते, पण आयुष्य नाही.’ जो सांगायचा नाही, त्याच्याकडे माणूस पुन्हा यायचा नाही.

पावसाळ्याचं दुखणं

मृगाचं आभाळ गडगडलं की दुकानात काम वाढायचं. उंच खांबावरची अँटेना वीज खेचते. जवळपास कुठंही वीज पडली तरी ट्यूनर जळायचा. म्हणून ढग आले की वायर काढून ठेवा, असं प्रत्येकाला सांगितलं जाई.

खरी गंमत ओल्या हवेची. सकाळी टीव्ही लावला की चित्र पूर्ण धूसर, चेहरे ओळखू येत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप स्वच्छ. गिऱ्हाइकाला वाटे ट्यूब गेली. दोष असायचा ट्यूबच्या मानेवर बसणाऱ्या सॉकेटमध्ये. तिथं फोकसचा काही हजार व्होल्टांचा दाब येतो. ओल धरली की तो आतल्या आत गळतो, फोकस बिघडतो. टीव्ही तापला की ओल उडते, चित्र सुधारतं. सॉकेट काही रुपयांचं, ट्यूब काही हजारांची. या एका ज्ञानानं किती घरांचे पैसे वाचले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ज्याला हे ठाऊक असूनही ट्यूबच गेली असं सांगण्याचा मोह झाला नाही, त्याचं दुकान टिकलं.

बाकी आत सापडणाऱ्या वस्तू ठरलेल्या. ऊब असल्यानं पाली ईएचटीजवळ जाऊन बसत आणि दोन टोकांना शरीर लागलं की तिथंच मरत, टीव्हीलाही घेऊन जात. उंदीर वायरी कुरतडत. वेचणीच्या दिवसांत घरात कापसाची गंजी असे, त्यामुळे झाकणाच्या फटींतून रुईचा कण आत जाऊन बोर्डावर जाड थर बसे. त्यात धूळ आणि ओल मिसळली की आत ठिणग्या उडत. झाडून, स्पिरिटनं पुसून, वाळवून दिलं की अर्धे टीव्ही सुरू होत. त्याचे पैसे मामा फक्त चहापुरते घेत.

चुकारा आल्यावर

या धंद्याचं आर्थिक चक्र कापसाभोवती फिरायचं. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारसाठी खरेदी करणाऱ्या फेडरेशनला द्यायचा आणि चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट पाहायची. दुकानातल्या वहीत नावापुढं रक्कम आणि रकमेपुढं ‘चुकारा’ एवढाच शब्द. जूनमध्ये दुरुस्त केलेल्या टीव्हीचे पैसे जानेवारीत येत. चुकारा लांबला की वहीही लांबायची. नापिकीच्या वर्षी काही पानं तशीच राहून जात, ती कुणी वसूल करत नसे.

नागपूरहून सामान रोखीनं आणायचं, गिऱ्हाइकाला उधारीवर द्यायचं, या मधल्या अंतराचा भार मेकॅनिक स्वतः सोसायचा. त्यामुळे जुना भाग वाया जाऊ न देणं ही सवय नव्हती, गरज होती. मेलेल्या टीव्हीतले चांगले कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, योक (ट्यूबच्या मानेवरची तांब्याच्या तारेची वेटोळी) उतरवून डब्यात. पांढरकवड्यातले एक जुने मेकॅनिक मला म्हणाले, ‘कास्तकाराचा टीव्ही आपल्या भरोशावर चालत होता. त्यानं एकदाच घेतला, पंधरा वर्षं आपण चालवला.’ कापूस पिकवणाऱ्या घराला टीव्ही परवडला तो कंपनीच्या किमतीमुळं नाही, तो पुन्हा पुन्हा दुरुस्त होत होता म्हणून परवडला. देशात घरोघर टीव्ही पोचल्याचं श्रेय उपग्रहाला आणि कारखान्यांना मिळालं. त्या यशाचा मोठा वाटा तालुक्यातल्या या दुकानांचा आहे, आणि तो कुठं नोंदलेला नाही.

शिकले कुठे

बहुतेक जण रेडिओकडून टीव्हीकडे आले. मामांनी आधी व्हॉल्वचे, मग ट्रान्झिस्टरचे रेडिओ दुरुस्त केले होते. त्यामुळं आवाजाचा भाग त्यांना माहीत होता, चित्राचा नव्हता. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम होता. केंद्र सरकारची ‘ट्रायसेम’ ही ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झाली, तिच्यातूनही खेड्यांतली मुलं या कामाकडे वळली. आर. आर. गुलाटी यांचं ब्लॅक अँड व्हाइट आणि रंगीत टीव्हीवरचं इंग्रजी पुस्तक पदविकेची मुलं वापरत. दुकानात चालत ती दिल्लीत छापलेली हिंदी पुस्तकं आणि सर्किटांचे संग्रह. मराठीत या विषयावर फार थोडं हाताशी होतं. व्हर्टिकल, होल्ड, शॉर्ट, ओपन, लीक हे शब्द इंग्रजी, पुस्तक हिंदी, गिऱ्हाईक वऱ्हाडीत बोलणारं, आणि पोडावरून आलेला माणूस घरी कोलामी बोलणारा. या सगळ्यांचा मेळ घालत दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या माणसांनी हे अवघड यंत्र आत्मसात केलं.

त्या काळी सर्किट मिळत होतं, हीही मोठी गोष्ट. अनेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत घडी घातलेला पूर्ण नकाशा असे, कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत तेही त्यावर छापलेलं असे. ईसी, डायनोरा, वेस्टन, क्राउन, पुढं ओनिडा, बीपीएल, आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेला आपला व्हिडिओकॉन. नावं वेगवेगळी, आतलं तर्कशास्त्र एक. एक टीव्ही नीट समजला की दुसऱ्यात वाट सापडायची. नकाशा फाटू नये म्हणून मामांनी तो पुठ्ठ्यावर चिकटवून, वर प्लॅस्टिक लावून ठेवला होता.

धंदा का बसला

कुणालाही विचारा, उत्तर येतं, एलईडी आला. ही आडवी रेघ आहे. ती खरी आहे, डोळ्यांना दिसते, पण दोष तिथं नाही. नवे टीव्ही सपाट, हलके, कमी वीज खाणारे आहेत. एकवीस इंची जुना टीव्ही दोन माणसं लागतील इतका जड होता आणि व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसायचं. नवं यंत्र चांगलं आहे, हे मान्य करायला हरकत नाही. रेडिओ गेला तेव्हा रेडिओवाले टीव्ही शिकले. टीव्ही बदलला तर टीव्हीवाले नवा टीव्ही का शिकू शकले नाहीत?

उभं सर्किट तपासलं तर दोष एलईडीच्या आधी सुरू झालेला दिसतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढं बाजारात चिनी युनिव्हर्सल किट आले. एका आयसीत जवळपास सगळा टीव्ही. जुना बोर्ड काढायचा, किट बसवायचा, कॅबिनेट आणि ट्यूब तीच. काम तासाभराचं. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिकला चार पैसे जास्त. पण कोणता भाग गेला हे शोधण्याची गरज तिथंच संपली. वणीचे एक मेकॅनिक म्हणाले, ‘किट आला अन् पोरं शिकायचीच थांबली.’ त्याच सुमारास टीव्हीसोबत सर्किट येणं बंद होत गेलं. मग सपाट टीव्हीत किमतीचा मोठा भाग एकट्या पॅनलचा झाला. पॅनलच्या काठाला चिकटलेल्या केसाएवढ्या पट्ट्या निघाल्या तर त्या बसवायला यंत्र लागतं, सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. पॅनल गेला की नवा टीव्ही घ्या, हा हिशेब कारखान्यातच ठरलेला असतो.

ट्यूब बनवणारेही राहिले नाहीत. ट्यूबच्या धंद्यातलं मोठं नाव असलेली सॅमटेल बंद पडली, व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. प्रसारभारतीनं २०२१-२२ मध्ये जमिनीवरचे जवळपास सगळे ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. ज्या लहरींसाठी एवढे खांब उभे राहिले, त्या हवेतूनच नाहीशा झाल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा माळ्यावरचे जुने टीव्ही डिशच्या डब्याला जोडून सुरू करून द्या, म्हणून मेकॅनिकांचे फोन वाजले. ती शेवटची मोठी हाक होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: दुरुस्तीचा धंदा तंत्रज्ञान पुढं गेल्यामुळं बसला नाही. यंत्राचा नकाशा मेकॅनिकच्या हातून काढून घेतला गेला, सुटा भाग मिळेनासा झाला, आणि दोष शोधण्याऐवजी भाग बदलण्याला आपण सगळ्यांनी दुरुस्ती म्हणायला सुरुवात केली. यातली पहिली दोन कामं कंपन्यांनी केली. तिसरं आपण केलं.

काचेचं काय करायचं

जुने टीव्ही आता भंगारात जातात आणि तिथं एक धोका आहे. भंगारवाल्याला हवं असतं योकचं तांबं. त्यासाठी ट्यूबची मान तोडली जाते. ट्यूब घाईनं फोडली तर निर्वात काच आत ओढली जाऊन तुकडे उडतात. मागच्या नरसाळ्याच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसं घातलेलं असतं, एका रंगीत ट्यूबमध्ये ते किलोच्या हिशेबात भरतं. पडद्याच्या आतली पांढरट भुकटी श्वासात जाऊ नये. ही काच विहिरीकाठी, नाल्यात, शेताच्या बांधावर टाकण्याची वस्तू नाही. ई-कचऱ्याचे नियम देशात मे २०१२ पासून लागू आहेत, सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून. त्यांची धाव तालुक्याच्या भंगारवाल्यापर्यंत पोचायला हवी. ट्यूब न फोडता कुठं द्यायची, हे सांगणारी एक पाटी नगरपंचायतीच्या आवारात लावणं अवघड नाही. ट्यूब सुरक्षित कशी उतरवायची हे ठाऊक असलेली माणसं त्याच गावात आहेत, त्यांना या कामात घ्यावं.

हात अजून आहेत

मारेगाव परिसरात दुरुस्तीची गरज संपलेली नाही, ती घरातून शेतात गेली आहे. कापसावर फवारायला बॅटरीचा पंप आहे, त्याचा चार्जर आणि स्विच हंगामात नेमका ऐन वेळी जातो. सौर कृषिपंपाचा कंट्रोलर आहे. मोटारीचा स्टार्टर आहे. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायला कुंपणावर झटका मशीन आहे. हे झटका मशीन मला विशेष वाटतं. अगदी थोड्या क्षणापुरता काही हजार व्होल्टांचा ठोका द्यायचा आणि लगेच थांबायचं, म्हणजे जनावर बिचकतं, मरत नाही. हजारो व्होल्टांचा क्षणिक झटका ट्रान्सफॉर्मरमधून काढण्याचं तत्त्व ईएचटीच्या जवळचंच. ज्यानं आयुष्यभर ईएचटी हाताळलं, त्याला हे मशीन परकं वाटत नाही. उलट हे ज्ञान नसलेला माणूस घरची वीज थेट तारेत सोडतो आणि त्यात जनावरं मरतात, माणसंही मरतात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे चार विभाग त्यात आहेत. हा हक्क कागदावर ग्राहकाचा आहे. पण मारेगावच्या शेतकऱ्यानं पोर्टलवर जाऊन काय करायचं? त्याला लागतो तो गावातला मेकॅनिक, आणि त्या मेकॅनिकला लागतात तीन गोष्टी: यंत्राचा नकाशा, सुटा भाग आणि शिकण्याची जागा. सरकारी अनुदानावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पंपाचं, कंट्रोलरचं सर्किट कंपनीनं उघड करावं, ही अट अनुदानासोबत घालता येईल. आयटीआयमध्ये या वस्तूंची दुरुस्ती शिकवता येईल आणि शिकवायला जुन्या टीव्ही मेकॅनिकांना बोलावता येईल. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसेल, पण लक्षण ऐकून दोषापर्यंत जाण्याची शिस्त आहे, आणि ती कोणत्याही पुस्तकातून येत नाही, जाणत्या माणसाजवळ बसूनच येते.

या माणसांनी आता साठी ओलांडली आहे. त्यांचं ज्ञान मराठीत, त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवण्याचं काम महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी, ग्रंथालयांनी, आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी लगेच हाती घ्यायला हवं. टीव्ही परत आणावा म्हणून नाही. जे यंत्र आपण विकत घेतो ते आपल्याला समजलं पाहिजे आणि बिघडलं तर गावातच सुधारता आलं पाहिजे, हा आग्रह कास्तकाराच्या खिशासाठी, जमिनीसाठी आणि त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी आजही तितकाच गरजेचा आहे. टीव्हीच्या काळात हे करून दाखवलेली माणसं आपल्यात आहेत, तोवर पुढच्या यंत्रांसाठी ते पुन्हा करता येईल.